शेवटचा ‘जरा’

डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीमागं उभं राहतं आणि ‘जरा डावीकडं घ्या’ म्हणतं. या ‘जरा’चं माप फक्त कीबोर्डच्या बाणांना ठाऊक आहे. म्हणून माझं ठाम मत असं, की लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि टँकरचे प्रस्ताव यांवर चालणाऱ्या जत तालुक्यात माउसवर बंदी नको, पण शेवटचा ‘जरा’ बाणानंच सरकवावा. कृष्णेचं पाणी म्हैसाळहून इकडं आणायचं तर पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलावं लागतं. नदीला धरून ओढता येत नाही. कोरलड्रॉमध्ये बाण दाबला की चित्र ठरलेलं अंतर सरकतं, कंट्रोलसह दाबला की केसभर, शिफ्टसह दाबला की ढांग टाकतं. पत्रिकेवरचा गणपती पानाच्या मधोमध हवा असेल, तर तो निवडून इंग्रजी ‘पी’ दाबावा. मान तिरकी करून, डोळा मिचकावून जे साधत नाही, ते एका अक्षरात होतं.

भक्कम पुरावा हवा तर फ्लेक्सकडं बघा. 10 फुटी फ्लेक्स पडद्यावर दहापट लहान मांडला, तर तिथला 1 मिलिमीटर चौकात सेंटिमीटर होतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंचा फोटो दादांपेक्षा तेवढा खाली गेला, तर ती ऑपरेटरची चूक आहे यावर तालुक्यात कोण विश्वास ठेवील? दोन्ही फोटो निवडून ‘टी’ दाबावा, वरच्या कडा एका रेषेत येतात. मात्र शिफ्ट धरून एकेक फोटो निवडला, तर शेवटी निवडलेला जागचा हलत नाही. बाकीचे त्याच्या रेषेत येतात. तिकीटवाटप जवळून पाहिलेल्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

‘एवढ्या कळा लक्षात कोण ठेवणार?’ असं विचारलं जातं. कृतिदेवमध्ये जोडाक्षरासाठी अल्ट धरून शून्यापासून सुरू होणारे 4 आकडे बिनचूक मारणाऱ्यांनी ही तक्रार करावी, हे नवलच. ‘वर्डमध्ये बाण चालतच नाही’ हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. ओळीतल्या फोटोला वर्ड एक थोराड अक्षर समजतं. बाण दाबला की कर्सर पळतो, फोटो ढिम्म. तिथं कंट्रोल आणि ‘ई’ दाबून सबंध ओळच मधोमध आणावी, नाहीतर रॅप टेक्स्टमधून ‘स्क्वेअर’ निवडावं, म्हणजे फोटो बाणाचं ऐकतो. माउसनं ओढलेला फोटो भलतीकडं जातो यात भूतबाधा नाही. सुटा फोटोही कुठल्यातरी परिच्छेदाला बांधलेला असतो; ओढताना ती गाठ दुसऱ्याच परिच्छेदाला बसते, वर दोन ओळी वाढल्या की तो परिच्छेद खाली सरकतो, आणि कोरड्या तलावाचा फोटो ‘आपला विश्वासू’च्याही खाली जाऊन बसतो. लांबचं अंतर माउस लवकर काटतो, हे कबूल. तेवढ्यापुरता त्याला हात लावावा. आणि वापरून वापरून बाणाच्या कळा बसल्या असतील, तर नवा कीबोर्ड घ्यावा. पत्रिका पुन्हा छापण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.