सैल चेनचे सल्लागार

बंद पडलेल्या यंत्राभोवती किती माणसं जमतात आणि त्यातली किती मदतीला वाकतात, यावरून वस्तीचं वय सांगता येतं. आमच्या ठाण्यातल्या कोपरीत बहुतेक सगळेच वाकतात. वाकल्यावर पुन्हा सरळ व्हायला काहींना वेळ लागतो, तो भाग वेगळा.

मीठबंदर रोडपासून आनंदनगरच्या नाक्यापर्यंत हिंडलात तर जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून अजून कारखान्यांची माणसं भेटतात. कुणी वागळे इस्टेटमध्ये फिटर होता, कुणी कळव्याला टर्नर, कुणी ठाणे-बेलापूर रोडवर टूलरूममध्ये. त्यातले कितीतरी कारखाने जाऊन तिथे टॉवर आले. १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीच्या जमिनीवरसुद्धा आता लोक राहायला येतात. यंत्रं भंगारात गेली आणि ती चालवणारे व्हीआरएस घेऊन घरी आले. घरी उघडण्यासारखं असतं किती? मिक्सर, पंखा, फार तर फ्लशची टाकी. तेही बायको समोर नसताना. अशा मंडळींच्या दारात कुणी जुनं, सैल चेनचं कटर मशीन घेऊन आलं, तर ते अधिकमासात जावई यावा तसं असतं.

मशीन आलं ते गुलमोहरासाठी. त्याची एक जाड फांदी गच्चीच्या पत्र्यावर टेकली होती आणि पावसाळा तोंडावर होता. झाड आपल्याच आवारातलं असलं तरी १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आमच्या सेक्रेटरींना असले कागद मनापासून आवडतात. त्यांनी अर्ज, फोटो, पोचपावती अशी सुंदर फाइल केली आणि परवानगी आली. मग आले मशीनवाले मामा. त्यांचं मशीन कधीकाळी नारिंगी असावं. दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, टाकीच्या झाकणाला सुतळी. मामांनी ते कुणाकडून तरी वापरलेलंच घेतलं होतं आणि त्या कुणीतरीनेही वापरलेलंच घेतलं असावं, असा रंगाचा पुरावा होता.

फांदी निम्मी कापून झाली आणि चेन लोंबायला लागली. थोड्याच वेळात ती पट्टीवरून उतरलीच. मामा दोराने खाली आले, मशीन कट्ट्यावर ठेवलं आणि सभा भरली.

चेन ताणायची रीत तशी साधी आहे. पट्टी, म्हणजे बार, दोन नटांनी अंगाला आवळलेली असते. तेरा नंबरच्या पान्याने ते नट थोडे सैल करायचे, पट्टीचं टोक हाताने वर उचलून धरायचं आणि बाजूचा छोटा स्क्रू फिरवत राहायचं. तो स्क्रू पट्टीला पुढे ढकलतो. पट्टीच्या पोटाखाली लोंबणारी चेन वर येऊन तिला टेकली की थांबायचं, टोक वर धरूनच नट आवळायचे. मग हातमोजा घालून चेन ओढून बघायची. सहज सरकली पाहिजे आणि वर उचलली तरी तिचे आतले दात खाचेतून बाहेर येता कामा नयेत. एवढंच. पण एवढंच असतं तर चौघा निवृत्तांना कुणी विचारलं असतं?

पहिले पुढे झाले ते टूलरूमवाले काका. चेन पुन्हा बसवून झाल्यावर त्यांनी ती ओढली. हलेना. “जाम आहे. बेअरिंग गेलं,” ते म्हणाले, आणि बेअरिंग कुठे मिळेल हेही त्यांनी सांगून टाकलं. मामांनी काही न बोलता पुढचा ब्रेकचा दांडा मागे ओढला. चेन सरकली. काकांनी विषय तेलाकडे वळवला.

तेलाचा मुद्दा मात्र खरा निघाला. पट्टीवर तेल येण्यासाठी एक बारीक भोक असतं. ते भुशाने बुजलं की चेन कोरडी फिरते, तापते आणि तापली की वाढते. याची परीक्षाही त्यांना ठाऊक होती: पट्टीचं टोक कागदासमोर धरून मशीन पळवायचं, कागदावर तेलाची रेघ उमटली तर ठीक. रविवारची पुरवणी आणली गेली. रेघ उमटली नाही. तारेच्या तुकड्याने भोक साफ केल्यावर वधू-वर सूचक पानावर एक ठळक रेघ उठली आणि काकांची इभ्रत परत आली.

त्याच उत्साहात त्यांनी स्क्रू आवळायला सांगितलं. मामा म्हणाले, “आत्ता नको काका, गरम आहे.” गरम चेन ताणून बसवली की गार होताना ती आखडते, पट्टीला आवळून धरते आणि आतल्या शाफ्टवर जोर येतो. म्हणून आधी थंड होऊ द्यायची. आणि कामाच्या मध्येच ताणावी लागली तर काम संपल्यावर आठवणीने सैल करून ठेवायची. हे ऐकून सगळे आदराने गप्प झाले. चहा सांगितला गेला.

चहाच्या वेळात मी एक गोष्ट घुसडली, कारण यंत्रातलं मला कळत नाही आणि मलाही काहीतरी बोलायचं होतं. करवतीच्या चेनवरचा तो वळलेला दात एका अळीकडून घेतलाय. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ च्या सुमारास त्याने लाकूड पोखरणारी जाडजूड अळी बघितली. ती रेषेच्या बाजूने जावो की आडवी, लाकूड सारखंच खात होती, कारण तिचे जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालत होते. त्याने चेनवर एक दात डावा, एक उजवा असे वळवले आणि पुढच्याच वर्षी कंपनी काढली. “अळीला काय मिळालं?” सेक्रेटरींनी विचारलं. त्यांना प्रत्येक व्यवहारात पावती लागते. त्याही आधी, अठराव्या शतकाच्या शेवटी, दोन स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला हाताने ओढायची दातेरी साखळी काढली होती, हे मात्र मी सांगितलं नाही. मंडळींपैकी एकाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती.

चेन गार झाली. मामांनी नट सैल केले, स्क्रू फिरवला. स्क्रू नुसताच फिरत राहिला.

“आटे गेलेत,” कळव्याचे टर्नर डोळे मिटून म्हणाले. आवाजावरून ओळखलं त्यांनी. मामांना ते आधीपासून माहीत होतं. त्यांनी पेचकस पट्टीच्या मागे खुपसला, तरफेने पट्टी पुढे रेटली आणि तशीच धरून नट आवळले. चेन बसली. पण टर्नर समाधानी होईनात. त्यांनी कव्हर काढायला लावलं. आत स्प्रॉकेटच्या दातांवर चेनने खोल चरे पाडले होते.

“हे बदल. नाहीतर आत्ता ताणशील, पुन्हा ढिली.”

“बदललं असतं साहेब. पण नव्या स्प्रॉकेटवर ही जुनी चेन बसत नाही नीट. नवी चेन घेतली तर जुन्या पट्टीची खाच रुंद झालीये, त्यात ती डुलते. पट्टीपण घेतली तर मग राहिलं काय, इंजिन. ते तर पहिल्यापासूनच गेलेलं आहे.”

यावर हसू आलं, पण सेक्रेटरी हसले नाहीत. आमची इमारत पुनर्विकासाला काढायची की गळणारे पाइप बदलून चालवायची, यावर त्यांनी कितीतरी सभा घेतल्या आहेत. पाइप बदलला तर भिंत फुटते, भिंत केली तर वायरिंग उघडं पडतं. मामांच्या मशीनचे भाग एकमेकांबरोबर झिजून एकमेकांना बसलेले होते, आणि आमच्या सभासदांचंही थोडंफार तसंच आहे. कुणाचा नळ कधी गळतो हे खालच्याला पाठ असतं आणि तो त्या हिशेबाने बादली लावतो. मामांनी हे सगळं एका दमात सांगून टाकलं होतं आणि त्यांना आर्किटेक्टची फी द्यावी लागली नव्हती.

टर्नरकाकांनी स्क्रूचा प्रश्न हातात घेतला. लेथवर आटे पाडून देणारा एकजण वागळेला अजून आहे, म्हणाले. मामांनी रविवारी स्क्रू काढून आणायचं कबूल केलं, फांदी उतरवली, तुकडे केले, नट अर्धा फेरा सैल केले आणि पैसे मोजून घेतले.

टर्नरकाका घरी जाऊन माप घ्यायला व्हर्निअर शोधायला लागले. माळा झाला, कपाट झालं. शेवटी काकूंनी ते स्वयंपाकघरातून आणून दिलं. शंकरपाळ्या एकसारख्या जाडीच्या लाटल्या जातात की नाही, हे त्या दिवाळीपासून त्याने बघत होत्या.