रिलेकाका

रिलेकाका तुमच्याही सोसायटीत असणारच. खात्री नसेल तर पार्किंगमध्ये जुन्या गाडीचं बॉनेट उघडून उभे राहा. उगवतील आणि विचारतील, "रिले टाकलाय का?"

आमच्या काकांकडे कार्ब्युरेटरवाली मारुती 800 आहे. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून जायचा. "साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर!" काका मला असे दरडावतात, जणू स्विच मीच बसवला. "स्विच तापणार नाही तर काय होणार? आणि वायरीत व्होल्टेज दहा टक्के गळलं की उजेड तीस टक्के गळतो. रिले टाक!"

मग नाना पेठेतून आणलेला रिले खिशातून निघतो. 30 नंबरला बॅटरीची थेट वायर, बॅटरीजवळच फ्यूज. 87 वरून बल्ब. 85 आणि 86 मध्ये कॉइल. स्विचने कॉइलला नुसता इशारा द्यायचा, की आत 'टक्'! हे टक् ऐकू यावं म्हणून ते भर उन्हात माझं डोकं बॉनेटखाली घालतात.

त्यांच्या गाडीत हॉर्नला रिले, फॉगलॅम्पला रिले, आतल्या पाच वॉटच्या दिव्यालासुद्धा रिले. आता रिलेची कॉइलच दोनेक वॉट खाते, पण हे त्यांना सांगायचं कोणी?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी घसा फोडून ओरडत होते. काका म्हणाले, "एवढा लोड स्वतःवर कशाला घेता? वॉचमनचा रिले टाका." काकूंशी अबोला असला की नातवामार्फत चहा मागवतात. काकूही आता तयार झाल्यात. "ह्यांना सकाळी दळण सांगितलं की संध्याकाळी टक् होतं," म्हणतात.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा टेम्पो पहाटे अंधारात मार्केट यार्डला जातो. त्याचे दिवे मिणमिणायचे. काकांनी एका रात्रीत सगळी वायर बदलली, अर्थिंग घासून नवं केलं आणि पैसे घेतले ते फक्त फ्यूजचे. रिलेचे नाहीत. रिलेचे पैसे घेणं त्यांना बहुधा तीर्थाचे पैसे घेण्यासारखं वाटत असावं.

सोसायटीतले सगळ्यात लख्ख दिवे आजही त्यांच्याच गाडीचे. काचबिंदू निघाल्यापासून मात्र डॉक्टरांनी त्यांना रात्री गाडी चालवायला बंदी केलीय. ती गाडी दिवेलागणीच्या आत घरी येते. तरी रविवारी रात्री काका खाली उतरतात, कंपाउंडच्या भिंतीवर डिपर मारून फोकस जुळवतात आणि वर येऊन झोपतात.

तुमच्या गाडीचे दिवे मंद वाटत असतील तर त्यांना जरूर भेटा, शक्यतो रात्रीच बोलवा. फक्त जेवून जा, आणि गाडीला रिले आधीच टाकलेला असेल तर तसं चुकूनही सांगू नका. ते उघडून बघतात.