टेस्टिंगवाले भाऊ

डिसेंबर लागला, पारा दहाच्या आसपास उतरला, की यवतमाळात दोन जातींची माणसं रात्री रस्त्यावर दिसू लागतात. पहिली ब्लँकेट वाटणारी. एका ब्लँकेटला आठ हात, चारही चेहरे कॅमेऱ्याकडे, आणि ज्याला ते द्यायचं तो बहुधा चौकटीबाहेर. ही जात अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तिच्यावर शाई घालवत नाही. दुसरी जात दुर्मीळ. ती ब्लँकेट हातात घेते, दोन बोटांत चुरगाळते, ट्यूबलाइटकडे धरून पाहते, कोपऱ्यातला धागा उपसून त्याला काडी लावते, हुंगते आणि म्हणते, "पॉलिस्टर हाय. जळलं का मणी होते."

आमचे भाऊ या दुसऱ्या जातीचे. एका कापडगिरणीत ते क्वालिटी कंट्रोलला होते. गिरणी सुटली, कंट्रोल सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी मांडवाच्या कापडाचा पन्हा डोळ्यांनी मोजतात. आहेरातला टॉवेल पाण्यावर टाकून तो किती वेळात बुडतो हे पाहिल्याशिवाय त्याला कपाटात जागा मिळत नाही. घरच्यांनी आता त्यांना साड्या दाखवणं बंद केलं आहे.

आमच्या मंडळानं बेघरांना ब्लँकेटऐवजी कोट द्यायचे ठरवले, ती कल्पना भाऊंचीच. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये व्हेरोनिका स्कॉट नावाच्या डिझाइन शिकणाऱ्या मुलीनं 2010 साली असा कोट करायला घेतला, की जो रात्री झोपायची पिशवी होतो. तिला एका बेघर बाईनं सुनावलं होतं, की आम्हाला कोट नको, काम हवं. मग तिनं अशाच बायकांना शिलाईच्या कामावर घेतलं. भाऊंनी मोबाइलवर हे सगळं पाहिलं, पण बैठकीत सांगताना काम आणि बायका गाळल्या, कापड तेवढं ठेवलं. "डिझाइन कोणाचंही असू द्या, कापड मी पास करीन." ठराव एकमतानं मंजूर झाला. तिथून पुढे भाऊ होते आणि कापड होतं.

प्रयोगशाळेत कापड पंचेचाळीस अंशांत तिरपं ताणतात, झारीतून 250 मिलिलिटर पाणी सोडतात आणि ते किती भिजलं यावर शंभरपैकी गुण देतात. भाऊंकडे झारी नव्हती, फवारणीचा पंप होता. पाटावर कापड ठोकून, पाठीवर पंप अडकवून त्यांनी अंगणात फवारणी सुरू केली, तशी शेजारीण पोरांना घेऊन घरात गेली. तिला हसू नये. 2017 साली फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अंगावरच्या कपड्यातून आत काय झिरपतं, हा प्रश्न इथे भाऊंच्या आधीपासूनचा आहे.

नंतर पाण्याच्या दाबाची परीक्षा. साधारण दीड हजार मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेललं, तर कापड वॉटरप्रूफ म्हणायची पद्धत आहे. भाऊंनी गवंड्याचा लेव्हल पाइप मागून आणला, खालच्या तोंडाला कापड ठेवून सायकलच्या ट्यूबनं आवळलं, वरून पाणी भरलं आणि खुर्ची टाकून वाट पाहत बसले. पहिला थेंब आला की वहीत वेळ लिहायची, कापडावर लाल शाईनं 'नापास'. पावसाळी जॅकेटचं कापड नापास, छत्रीचं नापास. ताडपत्री तेवढी पास झाली.

म्हणून ताडपत्रीला अस्तर लावून पहिला कोट शिवला, आणि भाऊ तो घालून रात्री गच्चीवर झोपले. सकाळी उठले ते चिंब. दव बाहेर, घाम आत. मॅकिंटॉश नावाच्या गृहस्थानं 1823 मध्ये दोन कापडांमध्ये रबर घालून कोटाच्या कापडाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हे दुखणं चालू आहे: जे पाणी आत येऊ देत नाही ते बहुधा वाफही बाहेर जाऊ देत नाही. "कापडानं श्वास घेतला पाह्यजे," भाऊ शिंकत म्हणाले. नापास.

मग शिलाई. कापड पास झालं तरी सुई गेली की टाक्याटाक्यातून पाणी येतं. टेलर वैतागून म्हणाला, "भाऊ, शिवलं का भोक पडतेच ना! न शिवता कोट कसा देऊ?" भाऊंनी यावर गंभीरपणे विचार केला. पंक्चरवाल्याकडून सोल्यूशन आणून शिवणी बुजवल्या. त्या वासानं मंडळाचे खजिनदार बैठकीतून उठून गेले.

मध्येच भाऊ इतिहासात शिरत. शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरकडे कापूस नेण्यासाठी टाकली, तो मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा. त्याच मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हेंटाइल नावाचं सुती कापड काढलं. वीण इतकी दाट, की धागा भिजला की फुगतो आणि फटी आपोआप बुजतात. थंड समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी ते होतं. त्याला अतिलांब धाग्याचा कापूस लागतो आणि आपला तसा नाही, हे भाऊंना पक्कं माहीत आहे. तरी टेबलावर हात आपटून ते म्हणायचेच, "कापूस आपला, कोट पायलटले!" तोवर संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले होते.

शेवटी कुणीतरी भाऊंना कोटासकट बसस्टँडवर नेलं. तिथे रोज झोपणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांच्या अंगावर कोट चढवला. भाऊ वही घेऊन उभे. काकांनी कोट चाचपला, बाह्या ओढल्या आणि इतक्या दिवसांत भाऊंची जी परीक्षा कुणी घेतली नव्हती ती घेतली.

"भाऊ, पाणी कुठून येईन? मी तं शेडखाली झोपतो. गारठा वरून नाई येत, फरशीतून येते. खाली टाकाले काही आणलं का?"

नव्हतं आणलं.

"अन् हा चमकते कायले? रातच्यानं दुरून दिसते. उद्या कोणी ओढून नेते. काळा नाई का भेटला?"

भाऊ लिहीत होते.

"आतून चेनचा खिसा द्या. मी भिजलो तं वाळतो. आधार कार्ड भिजलं तं मी कोण?"

या प्रश्नाला भाऊंच्या वहीत रकाना नव्हता. त्यांनी नवा आखला. घरी येऊन आधार कार्डाची झेरॉक्स खिशात घातली आणि खिसा रात्रभर बादलीत बुडवून ठेवला.

मला विचाराल तर फोटोवाल्यांपेक्षा भाऊ बरे. त्यांनी निदान कापडाला प्रश्न विचारले. फक्त थंडीला थांबायला सांगता येत नाही, एवढंच त्यांनी लक्षात घेतलं नाही.

तेव्हा यंदा कुणाला द्यायचं असेल तर गडद रंगाचा जाड कोट द्या, आतून चेनचा खिसा शिवून घ्या, सोबत खाली अंथरायला जाड सतरंजी द्या, आणि दिवाळी झाली की लगेच द्या. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते. भाऊंचा रिपोर्ट त्यानंतर येतो.