सोफ्याच्या मापाची गोधडी

अमळनेरात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. तेव्हा गोधडी भिंतीसाठी की भिंत गोधडीसाठी, हा प्रश्न इथे विचारायला हरकत नसावी. हल्लीच्या दिवाणखान्यांनी तो परस्पर निकालात काढला आहे: सोफ्यावर जेवढी जागा तेवढी गोधडी, बाकीची कापा. जुन्या लुगड्यांना अखेर मान मिळाला, पण कात्रीच्या हस्ते. काठ कापला की धावदोऱ्याची टोके मोकळी होतात आणि आतले थर सरकू लागतात. म्हणजे ज्या हातशिलाईचे कौतुक टांगायचे, तीच आधी उसवायची. वर चार कोपऱ्यांत चार खिळे, म्हणजे सगळा भार चार भोकांवर. अलाबामातल्या गीज बेंडच्या बायकांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, त्या वाकड्या कडांसकट. संग्रहालयाला चालले, आपल्या हॉलला चालत नाही!

कुणी म्हणेल, पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या खानदेशात ती पांघरणार कोण? पेटीत उंदरांनी कुरतडण्यापेक्षा भिंत बरी. मान्य, टांगाच. पण वरच्या काठालगत मागून परकरासारखा नेफा शिवा, त्यात दांडी घाला, की वजन सबंध रुंदीवर वाटले जाते. लांबी जास्त असेल तर मागे दुमडून कच्चे टाके घाला; उन्हाची भिंत टाळा, रंग उडतात. दुमडल्यावर नक्षी मधोमध येत नाही, ही तक्रार खरी; पण शिवणारीने मध्य धरला तो निजणाऱ्याचा. तेवढेच खुपत असेल तर सोफा सरकवावा, त्याला कात्री लागत नाही.