उण्यातलं पाणी

उन्हाळ्यात उजनी धरण 'वजा' होतं. सोलापूरकडची माणसं त्याला मायनस म्हणतात आणि सकाळी पारावर भेटली की रामराम झाल्याबरोबर विचारतात, "किती हाय आज?" "मायनस चाळीस." 2024 च्या जूनमध्ये हा आकडा वजा साठ टक्क्यांच्या आसपास पोचला होता. शाळेत तीन आंब्यांतून पाच आंबे वजा केल्यावर उरणारे उणे दोन आंबे मला कधीच डोळ्यांपुढे आणता आले नाहीत. गुरुजींनाही आले असतील असं वाटत नाही. तसलं काही प्रत्यक्ष पाहायचं असेल तर भिगवणला जावं. तिथे उणं पाणी नजर ठरत नाही इतकं पसरलेलं असतं आणि त्यातून होडी चालते.

हिशेब तसा सरळ आहे. 1980 साली पुऱ्या झालेल्या या धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी इतकं खाली असतं की ते आपल्या पायांनी कालव्यात चढू शकत नाही, म्हणून सरकारदरबारी तो मृत साठा. शून्य त्याच्या डोक्यावर सुरू होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त भरलेलं धरण कागदोपत्री ठणठणीत रिकामं! आमच्या एका आजेसासूबाई अशाच होत्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडी सदा, "माझ्याकडे कुठली बाई दमडी!"

मात्र रोहित पक्ष्यांना ही कागदपत्रं कुणी दाखवलेली नाहीत. पाणी उतरून गुडघाभर झालं, चिखल वर आला, की त्यांची खरी सुगी. हे पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ, किडेमकोडे तेवढे पोटात घेतात. जेवताना सगळं जग असं उलटं दिसत असल्यावर वजाचं अधिक व्हायला कितीसा वेळ! आपलं दुर्भिक्ष जसजसं वाढतं तशी त्यांची पंगत रंगत जाते, आणि एखादी होडी फार जवळ गेली की एवढा वेळ पांढुरकी दिसणारी ती पंगत पंख उघडते आणि पाण्यावर पळस फुलतो.

हे पाहायला रविवारी पहाटे पुण्याहून गाड्या निघतात. हातभर लांबीचे कॅमेरे, खिसेच खिसे असलेली जाकिटं, डब्यात पोहे. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा इथे अडते. तेव्हा पुणेकर शंभरेक किलोमीटर गाडी हाकून जे निसर्गरम्य पाणी डोळे भरून बघतो, त्यातलं थोडंफार त्याच्याच मोरीतून आधी निघून इथे येऊन थांबलेलं असतं. मी ही गोष्ट होडीत बसल्यावर कुणाला सांगत नाही. पहाटेच्या उजेडात ते पाणी खरंच देखणं दिसतं.

आमच्या होडीवाल्या पोराला पक्ष्यांची इंग्रजी नावं मुखोद्गत होती. "काका, पेंटेड स्टॉर्क. त्यो बघा, बारहेडेड गूज." उथळ आलं तसं त्यानं इंजिन बंद केलं, बांबू हातात घेतला आणि तळ चाचपत होडी रेटू लागला. एके ठिकाणी बांबू एकदम खोल गेला. "हितं आज्याची इहीर हाय," तो म्हणाला. 'होती' नाही, हाय. मग बांबूच्या टोकानंच त्यानं पाण्यावर सगळं रान आखून दाखवलं: ही ताल, हा गोठा, तिकडं चुलत्याचा बांध, त्याच्यावरून भांडण. त्याचा जन्म धरणानंतर कितीतरी वर्षांनी झालेला. विहीर त्यानं या बांबूनंच काय ती पाहिलेली. पण बांधाच्या भांडणात चूक चुलत्याचीच होती, याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती.

पाणी आणखी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ शिखरापासून हळूहळू वर येतं. आधी कळस, मग खांब, मग पायऱ्या. गाव केव्हाच वर सरकलेलं. देव तेवढा धरणाच्या मर्जीनं दर्शन देतो, आणि तेही दुष्काळात. गाळ वाळला की काठची माणसं त्यात गाळपेर करतात, पावसाळ्यात पुण्याकडची धरणं भरून पाणी खाली आलं की मुकाट्यानं मागे सरतात.

परतताना भिगवणला चिलापीचं ताट घेतलं. मासा ताजा आहे ना, असं विचारल्यावर गल्ल्यावरचे मालक दुखावले. "सकाळचा हाय साहेब. मायनसमधला!" म्हणाले, आणि न मागता आणखी एक तुकडा वाढायला लावला.