रूटकरी

रूटकरी ओळखायचा असेल तर त्याला फोन बंद करून पुन्हा चालू करायला सांगावं. आपला फोन चालू होताना कंपनीचं नाव झळकतं. त्याच्या फोनवर त्याआधी काळा पडदा येतो आणि इंग्रजीत ताकीद उमटते: बूटलोडर उघडं आहे, सॉफ्टवेअरच्या अस्सलपणाची खात्री देता येत नाही, महत्त्वाची माहिती यात ठेवू नका. दुसरा कोणी असता तर घाबरून सर्व्हिस सेंटर गाठलं असतं. रूटकरी ही ताकीद आल्यागेल्याला मुद्दाम दाखवतो आणि ती वाचून होईपर्यंत आपल्या चेहऱ्याकडे बघत बसतो. ‘हे काय?’ असं आपण विचारावं एवढीच त्याची अपेक्षा असते. विचारू नये. विचारलं की चहा गार होतो.

रूट म्हणजे काय, हे तो सोसायटीच्या भाषेत समजावतो. “काका, फ्लॅट तुमचा, पण गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे. चालेल?” काकांचं सेक्रेटरीशी गच्चीवरच्या पापडांवरून जुनं भांडण असल्यामुळे त्यांना मुद्दा लगेच पटतो. मग तो पुढे सरकतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्समध्ये रूट नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला कुठलीही फाइल वाचता येते, बदलता येते, पुसता येते. कंपनी फोनबरोबर केबल देते, कव्हर देते, सिमचा खण उघडायची पिनसुद्धा देते. हा एक अधिकार तेवढा देत नाही. “पैसे मी मोजले ना?” हा त्याचा प्रश्न असतो. काका म्हणतात, “अगदी बरोबर.” आणि आपला फोन हळूच शर्टाच्या खिशात ठेवतात.

ही जमात आपल्याकडे फोफावली त्याची सुरुवातीची कारणं मात्र चोख होती. अँड्रॉइड 4.0 येईपर्यंत मूळ अँड्रॉइडमध्ये देवनागरीची सोयच नव्हती. मराठी मजकूर म्हणजे एका रांगेत उभे असलेले रिकामे चौकोन. ऑपेरा मिनीत एक आडवाटेची सेटिंग बदलली की मराठी पानं चित्ररूपात वाचता येत, पण बाकी फोन निरक्षरच. मग गल्लीतल्या रूटकऱ्याला बोलावणं जाई. तो फोन रूट करून आत देवनागरी फॉन्ट सारून देई. चौकोन जात आणि अक्षरं येत. वेलांट्या चुकीच्या बाजूला जाऊन बसत आणि जोडाक्षरं फुटत, पण मावशीला पुतण्याच्या लग्नाचं आमंत्रण वाचता येई. दुसरं कारण जागेचं. गॅलेक्सी वायसारख्या फोनमध्ये अ‍ॅप्ससाठी 180 एमबीच्या आसपास जागा असे. चार अ‍ॅप टाकली की पाचव्याला दारात थांबावं लागे. रूट करून लिंक-टू-एसडी टाकलं की अ‍ॅपचा संसार मेमरी कार्डावर हलवता येई. त्या काळात रूटकरी समाजसेवक होता आणि त्याची फी म्हणजे एक कटिंग.

पुढे देवनागरी अँड्रॉइडमध्येच आली आणि फोनची जागा 128 जीबी झाली. कारणं संपली, रूटकरी संपला नाही.

आता त्याला विचारावं, “रूट करून तू करतोस काय?” तो बोटं मोजायला लागतो. जाहिराती अडवतो. कंपनीने आधीच कोंबून दिलेली अ‍ॅप्स उपटून टाकतो. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवतो. प्रोसेसरचा वेग कमी करतो, म्हणजे बॅटरी टिकते. मग वाढवतो, म्हणजे गेम पळतात. त्याने स्वतः गेम खेळताना मात्र कोणी पाहिलेलं नाही. दिवसातून दोनदा तो रूट तपासणारं अ‍ॅप उघडतो, रूट असल्याची हिरवी खूण बघतो, समाधानाने मान हलवतो आणि अ‍ॅप बंद करतो. रूटचा मुख्य उपयोग, रूट आहे याची खात्री करणं.

त्याच्या खोलीत एक जुना लॅपटॉप असतो. तो कोणी विकू नये अशी घरात सक्त ताकीद असते, कारण ‘ड्रायव्हर त्याच्यातच नीट बसलेत’. ड्रॉवरमध्ये केबलींचं भेंडोळं असतं. त्यातली एकच केबल चालते आणि ती कुठली हे त्यालाच कळतं. फोन घेतानाही तो कॅमेरा बघत नाही, रंग बघत नाही. दुकानदाराला विचारतो, “बूटलोडर अनलॉक होतं का?” दुकानदार म्हणतो, “होतं की, स्क्रीनगार्ड पण फ्री आहे.”

बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना आत कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारा दरवान, उघडणं ही पहिली पायरी. शाओमीकडे अर्ज केल्यावर अनेकांना 168 तास थांबावं लागलं आहे. रूटकरी सात दिवस म्हणत नाही, 168 तासच म्हणतो. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्सचा फ्यूज असतो. बाहेरचं सॉफ्टवेअर घातलं की तो उडतो, शून्याचा एक होतो आणि त्या एकाचं पुन्हा कधीच शून्य होत नाही. त्यानंतर वॉरंटीबद्दल बोलणं व्यर्थ. शिवाय बूटलोडर उघडताना फोन आतून कोरा होतो. चोराने उघडला तर त्याच्या हाती आपली माहिती लागू नये, म्हणून केलेली ही सोय आहे. बायकोला ती सोय म्हणून पटवणं अवघड जातं.

“अरे, मुंजीचे फोटो कुठायत?”

“बॅकअप घेतला होता.”

“कुठे?”

“फोनमध्येच.”

तरीही रूट करणं सोपं. एका रात्रीचं काम. रूट टिकवणं हा संसार आहे आणि त्या संसारात दर महिन्याला अपडेट नावाचा पाहुणा येतो.

तुमच्याआमच्या फोनवर अपडेट रात्री येतं, सकाळी फोन पुन्हा चालू होतो आणि घड्याळाचा आकार बदललेला असतो. रूटकऱ्याच्या फोनवर अपडेट आल्याची सूचना दिसली की तो कपाळाला हात लावतो. जुन्या काळी रूट सिस्टिमच्या विभागातच घुसवलेलं असे. अँड्रॉइड 5.0 पासून अपडेट त्या विभागाचा ठोकळान् ठोकळा तपासून बघायला लागलं. एक जरी जागचा हललेला दिसला तरी ते ‘मी नाही येत’ म्हणून परत फिरायचं. मग 2016 मध्ये जॉन वू या तैवानी मुलाने मॅजिस्क काढलं. सिस्टिमला बोटही लावायचं नाही, फक्त फोन सुरू करणाऱ्या बूट इमेजमध्ये आपलं काम करून घ्यायचं. अडचण अशी की अपडेटबरोबर बूट इमेजही नवी येते आणि नवी आली की रूट गेलं.

त्यावर उपाय आहे. हल्लीच्या अनेक फोनांत सिस्टिमच्या दोन खोल्या असतात, ए आणि बी. आपण एकीत राहत असताना अपडेट दुसरीत बसतं आणि फोन पुन्हा चालू झाला की आपण तिकडे राहायला जातो. म्हणून क्रम असा: आधी मॅजिस्कमध्ये जाऊन मूळ इमेज परत ठेवायची, म्हणजे अपडेटला सगळं सोवळ्यात दिसतं. फोन रीस्टार्ट करायचा नाही. अपडेट बसू द्यायचं. ‘रीस्टार्ट करा’ असं फोन म्हणेल, तरीही करायचा नाही. पुन्हा मॅजिस्कमध्ये जायचं, रिकाम्या खोलीत रूट घालायचं आणि मगच रीस्टार्ट. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत रूटकऱ्याचं अख्खं गृहसौख्य अडकलेलं असतं. तो आंघोळीला जातो, फोन टेबलावर. बाहेर येतो तर पडदा काळा आणि आई बाजूला शांतपणे भाजी निवडतेय.

“अरे, मघापासून काहीतरी दाबा म्हणत होता. मी दाबलं.”

रूट गेलं. आता पूर्ण फर्मवेअर उतरवा, त्यातून बूट इमेज काढा, तिला मॅजिस्कची फोडणी द्या, लॅपटॉप उघडा, ती चालणारी केबल शोधा आणि फास्टबूटमध्ये जाऊन फ्लॅश करा. अँड्रॉइड 13 घेऊन आलेल्या फोनांत बूटऐवजी ‘इनिट-बूट’ नावाची इमेज घ्यावी लागते. ज्याला हे माहीत नसतं त्याचा फोन बूटलूपमध्ये जातो. म्हणजे कंपनीचं नाव येतं, जातं, येतं, जातं. रात्रीचे अडीच वाजलेले असतात. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून रूटकरी अंधारात बसलेला असतो. बायको कूस बदलून विचारते, “झाला का चालू?” तो म्हणतो, “पाच मिनिटं.” त्याच्या घड्याळात पाच मिनिटं हे काळाचं सर्वांत मोठं माप आहे.

सकाळी फोन चालू होतो, हिरवी खूण परत येते आणि तो विजयी मुद्रेने दूध आणायला जातो. दुधाचे पैसे द्यायला फोन काढतो. बँकेचं अ‍ॅप म्हणतं, हे उपकरण सुरक्षित नाही, येथे सेवा देता येत नाही.

रूटकऱ्याच्या आयुष्यातला खरा खलनायक कंपनी नव्हे, तर बँकेचं अ‍ॅप. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि पाकीट घरी राहायला लागलं. फोनवर रूट असल्याचा वास आला तर बँकांची बरीचशी अ‍ॅप्स दार लावून घेतात. त्यांचंही चूक नाही. ज्या अधिकाराने रूटकरी जाहिराती अडवतो, तोच अधिकार एखाद्या लबाड अ‍ॅपला मिळाला तर ते पिनसकट सगळं उचलून नेईल. फोन शुद्ध आहे का हे तपासायला गुगलने आधी सेफ्टीनेट आणलं, मग प्ले इंटिग्रिटी. तिच्या कसोटीच्या तीन पातळ्या आहेत. रूटकऱ्याला पहिली पास झाल्याचा आनंद, दुसरी पास झाल्याचा गर्व आणि तिसरीचं आयुष्यभराचं दुःख असतं. मॅजिस्कमध्ये रूट लपवण्याची सोय होती. जॉन वू 2021 मध्ये गुगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात नोकरीला लागला आणि ती सोय मॅजिस्कमधून गेली. रूटकऱ्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसावी. तेव्हापासून लपवालपवीचं काम इतरांनी लिहिलेली मॉड्यूल्स करतात. कोणी फोनवर दुसऱ्याच फोनची ओळख चढवतं, कोणी अस्सल फोनांच्या कुठून तरी फुटलेल्या चाव्या वापरतं. गुगल त्या चाव्या रद्द करतं आणि रूटकरी नव्या शोधायला निघतो.

इथे या माणसाचं सगळं सार येतं. त्याने वॉरंटी घालवली, मुंजीचे फोटो घालवले, झोप घालवली आणि फोनवरचा सर्वोच्च अधिकार मिळवला. आता आपल्याकडे कसलाही अधिकार नाही, हे बँकेला पटवून देण्यात तो सगळा अधिकार खर्च होतो. एवढं करूनही कधी दुधाच्या रांगेत दगा होतोच. म्हणून शेवटी त्याने दुसरा फोन घेतलेला असतो. साधा, बंद बूटलोडरचा, कंपनीने दिला तसाच. पैसे, तिकिटं, बँक, सगळं त्याच्यावर. रूट केलेला फोन उजव्या खिशात तत्त्वासाठी आणि दुसरा डाव्या खिशात संसारासाठी.

तरी त्याला वेड्यात काढू नये. विकत घेतलेल्या वस्तूचा मालक कोण, हा त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं समाधानकारक उत्तर कुठल्याच कंपनीने दिलेलं नाही. कंपन्यांनी अपडेट बंद करून वाऱ्यावर सोडलेले फोन सायनोजेनमॉडने आणि 2016 च्या अखेरीस ते बंद पडल्यावर लिनिएजओएसने वर्षानुवर्षं चालते ठेवले, ते याच जातीच्या माणसांच्या फुकटच्या रात्रींवर. आपल्या घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेला फोन भंगारात जाण्यापूर्वी त्याच्याकडे फक्त हाच माणूस आशेने बघतो.

तेव्हा असा एखादा ओळखीत असेल तर त्याला जुना फोन जरूर द्यावा. आणखी दोन वर्षं चालवून देईल, वर चहासुद्धा स्वतःच करेल. नवा फोन मात्र देऊ नये. आणि ज्या फोनवरून घरखर्च चालतो तो, “पाच मिनिटं दे फक्त” असं तो कितीही लाघवीपणे म्हणाला तरी, काकांप्रमाणे हळूच शर्टाच्या खिशात ठेवावा.