एका संध्याकाळचा सामना परत आणा

ऑगस्टात भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या बांध्यांत रोवणी आटोपत येते, तेव्हा तिकडे इंग्लंडात फुटबॉलचा मोसम उघडतो. उघडतो तो एकाच सामन्याने. गेल्या मोसमाचा लीगविजेता एका बाजूला, एफए कपविजेता दुसऱ्या बाजूला. सामना १९०८ पासूनचा, आणि तिकिटांचा पैसा जातो समाजकार्याला. २०२५ मध्ये क्रिस्टल पॅलेसने लीगविजेत्या लिव्हरपूलला पेनल्टीवर नमवले. पॅलेसने आपला पहिला मोठा कप जिंकला होता तोच मुळी त्या वर्षीच्या मे महिन्यात!

म्हणून हा सामना मला मोलाचा वाटतो. लीग जिंकायची तर आठ-नऊ महिने दम धरावा लागतो. कपात एक दिवस पाय घसरला की गाशा गुंडाळायचा. दोघेही विजेतेच, पण कस वेगळा. पहिल्याच दिवशी दोघांना भिडवले की मोसम पेटतो.

आपल्याकडेही हे होते. १९९७ पासून राष्ट्रीय लीगचा विजेता आणि फेडरेशन कपचा विजेता सुपर कपसाठी खेळत. गोव्याच्या साळगावकरने आणि धेंपोने तो जिंकला, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनेही जिंकला. कोलकात्याच्या दोन बड्या क्लबांना आव्हान देणारी ही आपल्या किनाऱ्यावरची नावे. पुढे त्यांचे काय झाले? लीग एकदा आणि फेडरेशन कप दोनदा जिंकलेला महिंद्रा क्लब २०१० मध्ये बंद झाला. साळगावकर आणि धेंपो २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. सामना तर २०११ नंतर झालाच नाही. २०१८ मध्ये सुपर कप परतला तो बाद पद्धतीची अख्खी स्पर्धा होऊन. दोन विजेत्यांची ती एक झुंज गेली ती गेलीच.

वेळापत्रकात जागा नाही, हे कारण मला मान्य नाही. एका संध्याकाळपुरती जागा नसते? खरे दुखणे वेगळे आहे. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पुढचा मोसमच टांगणीला लागला, कारण भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक भागीदारासोबतचा करार संपत आला होता आणि पुढचे काही ठरले नव्हते. खेळाडूंनी सराव कशासाठी करायचा? मोसमाची तारीख आधी पक्की करणे हे महासंघाचे पहिले काम आहे, आणि त्यात तो नापास झाला.

आता मागणी. हा सामना परत सुरू करा आणि नागपूरला द्या. नागपूरजवळच्या कामठीने पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल जपला आहे. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना नागपुरातच मैदानावर आणले. साकोलीवरून जाणाऱ्या रस्त्याला लोक मुंबई-कोलकाता महामार्ग म्हणतात. देशाच्या फुटबॉलची दोन जुनी शहरे त्याच्या नावात आहेत, पण मधल्या गावातल्या पोराला मोठा सामना दिसतो तो फक्त मोबाइलवर. नागपूर साकोलीहून शंभरेक किलोमीटर. सकाळी निघालेली शाळेची बस रात्री परत येईल.

आणि तिकिटांचा पैसा भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या शाळांना द्या. चेंडू, जाळी, बूट आणि वर्षभर पगार मिळणारा प्रशिक्षक, एवढेच हवे आहे. क्रीडाशिक्षकांनो, पालकांनो, ही मागणी लेखी करा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा.